एक पाऊल मागे

माझ्या मामाला रेडिओ केंद्रात सगळे कानसेन म्हणत. जुन्या तबकड्यांवरची खरखर काढून गाणं स्वच्छ करायचं, हे त्याचं काम. कान इतके तिखट, की स्वयंपाकघरातलं दूध उतू जाणार हे त्याला बाहेरच्या खोलीत कळायचं. स्वभावही तिखटच.

त्याची लाडकी तबकडी म्हणजे इटालियन ऑपेरातलं एक गाणं. सुरुवातीला खर्जातली तंतुवाद्यं, त्यावर बाईचा आवाज दबकत येतो. तीच ओळ दुसऱ्यांदा घेताना ती हळूच वळणं देते. मग पायरी पायरीने चढते, वाद्यं गप्प होतात आणि वरचा स्वर ती एकटीच धरते, बारीक करत करत. त्या काळी माइक नसायचा, ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर उभं राहून गायचे. वरचा स्वर कर्कश उमटू नये म्हणून ती आधी श्वास घेते आणि एक पाऊल मागे सरकते. लहानपणी आमचा खेळ असायचा, श्वास ऐकू आला की बोट वर. मी कायम हरायचे.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना केंद्राने तीच तबकडी त्याच्याकडे सोपवली. ही जमली तर निवृत्तीनंतरही सगळं काम त्याच्याकडेच राहणार होतं. दोन महिने तो तिच्यामागे लागला होता. "बाईचा आवाज मळका येतोय," म्हणायचा आणि वरच्या स्वरांची धार आणखी थोडी वाढवायचा.

एका दुपारी त्याने मला बोलावून ऐकवलं. ताटावर सुरी घासावी तसा आवाज! माझे दात शिवशिवले. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"कसं झालंय?"

खरं सांगायला जीभ रेटेना. "छान," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या बैठकीत ते ऐकवलं, तर लोकांनी कानांवर हात ठेवले, अगदी खरोखर. मामाला कळेचना काय झालं ते. कानांच्या तपासणीत निघालं, वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्याला केव्हापासूनच ऐकू येत नव्हते. काम गेलं.

"तुला त्या दिवशी कळलं होतं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मला शंका होती गं. म्हणूनच तुला बोलावलं होतं."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. उठून त्याने मूळ तबकडी लावली आणि माझ्यासमोर येऊन बसला. आवाज चढत गेला, वाद्यं थांबली.

मी बोट वर केलं. ते बघून मग त्याने केलं.