विम्याच्या बाई आणि द्राक्षांची पेटी

द्राक्षांच्या नव्या पेट्यांचा वास आला, की निर्यात विम्याच्या सरकारी कचेरीतल्या बाई आठवतात. परदेशातल्या व्यापाऱ्यानं माझ्या द्राक्षांचे पैसे बुडवले होते आणि तासगावात अब्रू जाईल म्हणून मी गप्प होतो. बँकेकडून कळल्यावर, विम्याचा दावा करायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाई स्वतः पॅकहाऊसवर आल्या. “आवं, बुडवलं त्यानं, लाज तुमी का धरताय?” म्हणत त्यांनी तिथंच अर्ज भरून घेतला. विम्याची रक्कम मिळाल्यावर मी पेटी घेऊन कचेरीत गेलो. बाईंनी आधी दर विचारला, पैसे टेबलावर ठेवले आणि हसून म्हटलं, “पैसे न घेता माल सोडायची खोड अजून गेली न्हाई व्हय?” यंदाही पहिली पेटी त्यांनाच नेली. पैसे मात्र आधी मागून घेतले.