चिनी कारखाना आणि कळमन्याची चाळणी

मार्चमधली गोष्ट. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी सकाळपासून लॅपटॉपला चिकटले होते आणि बाबा समोरच्या खुर्चीत भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, पण माझा चीनमधल्या एका कारखान्यासोबतचा व्हिडिओ कॉल काही केल्या संपत नव्हता...

मी लग्नकार्यांना, कार्यक्रमांना मोठे एलईडी स्क्रीन भाड्याने देते. मागच्या वर्षी असाच एक स्क्रीन परदेशातून मागवला होता. वेबसाइट चकाचक, फोटो एकाहून एक, भाव सगळ्यांत कमी... भाळले मी.

त्या स्क्रीनने भर लग्नात दगा दिला. अंतरपाट बाजूला झाला, मागच्या रांगांमधली सगळी मंडळी स्क्रीनकडे बघतायत आणि नेमका नवरदेवाच्या चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन! लोक हसले. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत... मला काही बोललेही नाहीत, तेच जास्त लागलं.

कंपनीला मेल केले. आधी 'चेक करतो' असं उत्तर, मग नुसती शांतता. असा स्क्रीन छोट्या चौकोनी तुकड्यांनी जोडलेला असतो; शेवटी बिघडलेल्यांच्या जागी दुसरीकडून तुकडे आणून बसवले, तर त्यांचा रंग जुळेना. पुढच्या लग्नात स्क्रीनवर नवरीचा एकच शालू अर्धा लाल आणि अर्धा केशरी!

त्यामुळे या वेळी नव्या स्क्रीनची निवड चुकली, तर धंदाच बंद करायचा असं मी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला तसं सांगितलंही होतं. वरवर रागाने सांगितलं... आतून खरं तर घाबरले होते.

म्हणून यंदा पूर्ण तयारीनिशी बसले. सर्टिफिकेट, वॉरंटी, जुन्या ग्राहकांची नावं, प्रश्नांची ही मोठी यादी. पण चार कारखान्यांशी बोलून झालं आणि चारही जणांची उत्तरं सारखीच गोड. त्या दिवशीच्या पाचव्या कारखान्यातली एमी नावाची मुलगीसुद्धा दर वाक्याला 'बेस्ट क्वालिटी, मॅडम' म्हणत होती. माझं डोकं फिरायला आलं.

बाबांचं सगळं आयुष्य कळमन्याच्या धान्य बाजारात गेलं. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण लेकीचा चेहरा बरोबर वाचता येतो. मी माइक बंद केला तसे म्हणाले, "काहून वं, इतकी चिडून राहिली?"

"बाबा, सगळेच म्हणतात आमचा माल चांगला. मी ओळखू कसा?"

"मंग चांगला माल काहून पाहून राहिली? तिले म्हण, खराब निघाला तो दाखव. चाळणीखाली काहीच नाही पडलं, तं त्यानं माल चाळलाच नाही समज."

असं कोणी कोणाला विचारतं का! मला तर लाजच वाटत होती... पण बाबा शेंगा फोडायचे थांबून माझ्याकडेच बघत होते. विचारलं एकदाचं. तुमच्या टेस्टिंगमध्ये नापास झालेला माल दाखवाल का?

पलीकडे एमी 'वन मिनिट' म्हणाली आणि गायब झाली. मला वाटलं, झालं, हीपण गेली...

पाचेक मिनिटांनी ती परत दिसली, हातात मोबाइल घेऊन कारखान्यात चालताना. एका लोखंडी रॅकसमोर थांबली. त्यावर लाल स्टिकर लावलेले स्क्रीनचे तुकडे ओळीने ठेवले होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी. हा गरम खोलीत ठेवला तेव्हा बंद पडला, याचा रंग फिका आला, याची एक ओळ पेटत नाही... ती एकेक उचलून सांगत होती.

तिचा आवाजही बदलला होता. आतापर्यंत ती पाठ केलेलं बोलत होती, आता स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागली. आणि मी न विचारताच म्हणाली, की जास्तीचे तुकडे आत्ताच याच बॅचमधले घेऊन ठेवा, नंतर घेतले तर रंग जुळणार नाही. ज्या गोष्टीने मला वर्षभर रडवलं होतं, ती हिने आपणहून सांगितली!

बाबांनी शेंगांची पुडी बाजूला ठेवली. "हिच्याकडून घे," एवढंच म्हणाले. डॉक्टरांची अपॉइंटमेंट अर्थातच हुकली.

बाकीच्या चौघांनाही नंतर मी हाच प्रश्न पाठवला. दोघांनी 'आमच्याकडे रिजेक्शन झीरो' असं अभिमानाने लिहिलं. एकाने ब्रोशर पाठवलं आणि एकाने उत्तरच दिलं नाही.

तरी एकदम ऑर्डर दिली नाही हं... दुधाने तोंड पोळलेलं. आधी सॅम्पल मागवलं आणि मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर रोज चालवून बघितलं. आपल्या नागपूरच्या उन्हात जे टिकलं, ते कुठेही टिकेल!

नवा स्क्रीन आला, चार-पाच कार्यक्रम झाले. मध्ये एक तुकडा बिघडला, तो जास्तीच्यातला बसवला. कुठला बदलला ते आता मलाही सांगता येत नाही.

आणि मागच्या आठवड्यात जरीपटका भागातल्या एक काकू मुलीच्या लग्नासाठी स्क्रीन ठरवायला आल्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा स्क्रीन कधी कार्यक्रमात बंद पडला काय?"

इतके दिवस या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं... 'छे हो, कधीच नाही.' त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "हो काकू, पडला होता." मग सगळंच सांगितलं. ते लग्न, ते गप्प राहिलेले वडील, माझी चूक आणि आता काय बदललं ते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून चष्मा काढत म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं बेटा. लिही तारीख."

बाबांचे आणि त्या दूरच्या एमीचे आभार मानावेत तेवढे थोडेच. स्क्रीन तर चांगला मिळालाच... पण काकूंची तारीख लिहिताना वर्षभरात पहिल्यांदाच मला ग्राहकाच्या डोळ्यांत सरळ बघता आलं.