पांढऱ्या पानांचा संशय

परळीत राहायचं म्हणजे फडकं हाताशी ठेवूनच राहायचं. खिडकी लावली तरी वीजकेंद्राची राख आत येते आणि टीव्हीवर, डाळीच्या डब्यावर, पानांवर बसते. अशा गावात मी मॉन्स्टेरा नावाचं शोभेचं झाड आणलं, तेही अर्धी हिरवी, अर्धी पांढरी पानं असलेलं. नवरा म्हणाला, हौसेला मोल नाही. शाळेत शिकवायला जायच्या आधी मी रोज ओल्या कापसाने पानं टिपायची. पांढरा भाग नाजूक. जरा घासला की करपतो.

दिवाळीनंतर तो करपायलाच लागला.

शेजारीण रोज दुपारी सासूबाईंशी 'मावशी, मावशी' करत बोलायला येऊन बसायची, मी नेमकी शाळेत असताना. महिन्यापूर्वी तिनं या झाडाची फांदी मागितली होती आणि मी हसून टाळलं होतं. मनात पाल चुकचुकली. मिठाचं पाणी घातलं की काय म्हणून मी कुंडीतली माती चक्क जिभेला लावून पाहिली. माती मातीसारखीच लागली, पण संशयाला औषध नसतं. दुपारी झाडाजवळ कोण जातं, असं सासूबाईंना विचारलं तर त्या उठून आत गेल्या. शेजारणीला विचारलं तर तिनं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी.

शेवटी दारातच तिला सांगितलं, "दुपारी येत जाऊ नका. आईंची झोप मोडते."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. सासूबाई दुपारभर एकट्याच बसू लागल्या. खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. झाड वाचलं, एवढाच आनंद होता.

आठवड्यात आणखी दोन पानं काळी पडली.

शनिवारी सकाळची शाळा करून लवकर घरी आले. सासूबाई कुंडीपाशी बसून नारळाच्या शेंडीने पान घासत होत्या. नाक पानाला टेकलेलं.

"राख हाय बघ," त्या म्हणाल्या. "किती घासली तरी जाईना. तू दमून येतीस, म्हनून म्हणलं आपुनच पुसावं."

तो पानाचा रंगच आहे, असं मी सांगितलं, पान त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांना नुसतं पांढरं दिसत होतं. ते राखेचं की पानाचं, हे कळत नव्हतं.

"ती येत हुती तवा माझा हात धरायची, लई घासू द्यायची न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "डोळ्याचं तुला सांगू नको म्हनून मीच तिला शपथ घातलती. मला आपरेशनचं लई भ्या वाटतं."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की पिशवी तिथंच टाकून मी शेजारी गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. तिनं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मी तोंड उघडायच्या आतच विचारलं, "मावशी पडल्या का काय?"

उत्तराची वाट न बघता ती अनवाणीच आमच्या घराकडे निघाली.