तिच्या नावावरचे शेअर

दारव्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे जळालेले पंप यायचे, मी ते उघडायचो, जळकी तार काढून नवी भरायचो. चाळीस वर्षं हेच केलं. शेअर बाजार मी शिकलो तो त्याच टेबलावर, आणि कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

पंप उघडला की आतली वस्तू कोणत्या कंपनीची आहे ते दिसतं. काहींचा माल दर हंगामात माझ्याकडे परत यायचा, आणि लोक शिव्या मला घालायचे. एका लहानशा कंपनीचं सील, म्हणजे मोटारीत पाणी शिरू न देणारी कडी, मात्र कधी खराब होऊन आलं नाही. पंप जळून कोळसा झालेला असायचा, पण ते सील पुसून पुन्हा बसवावं असं. ही कंपनी कोण, कुठली, हे मी खोक्यावरचा पत्ता वाचून शोधलं. तिचे शेअर मिळतात असं कळलं तेव्हा थोडे घेतले. पुढच्या हंगामात आणखी थोडे. विकायचा नियम एकच ठेवला होता. ते सील गळून माझ्या टेबलावर आलं की विकायचे, तोवर हात लावायचा नाही.

भाव पडला की शेजारचा कृषी केंद्रवाला पेपर घेऊन यायचा, चेहरा असा की जणू माझ्या घरचं कोणी गेलंय. मी विचारायचो, "सील गळलं काय? नाही ना? मंग बस, चहा पी." भाव चढला तरी तोच चहा. मोठ्या कंपनीकडे सगळ्या जगाचं लक्ष असतं. लहान कंपनीला वेळ द्यावा लागतो, आणि माझ्याकडे दुसरं काय होतं द्यायला?

हे शेअर मी बायकोच्या नावावर घेतले. तेव्हा जाड कागदाची सर्टिफिकेटं घरी यायची. पुढे सगळ्यांनी ते कागद देऊन कॉम्प्युटरवरची डीमॅट खाती उघडली. माझ्या नावावरचे होते ते मीही केले. तिच्या नावावरचे मात्र मुद्दाम कागदावरच ठेवले. बटण दाबून विकता येतं ते माणूस विकून मोकळा होतो. कागद लोखंडी पेटीत, पेटीवर चार गाद्या. त्या गाद्या खाली उतरवेपर्यंत भीती उतरते, लोभही उतरतो. विकणं जितकं अवघड तितकं बरं, ही माझी अक्कल. मला तिचा लय अभिमान होता.

बायको म्हणायची, "माह्याच नावावर माही सवत आनून ठेवली तुमी." पण कंपनीचा वार्षिक अहवाल आला की तीच आधी हात पुसून पाकीट फोडायची, फोटो बघायची, आणि "बरं चाललंय काय तिचं?" असं विचारायची. माहेरच्या माणसाची खबर विचारावी तसं.

आम्हाला मूलबाळ नाही. म्हणून मी तिला सांगून ठेवलं होतं, हे तुझ्या म्हातारपणाचं आहे. मी आधी गेलो तर तुले कोनाच्या तोंडाकडे पाहा लागू नये. ती मान हलवायची. अधूनमधून मात्र म्हणायची, "थोडे विकू ना. कळंबले एक खोली घेऊ. चतुर्थीले चिंतामणीचं दर्शन होत जाईन, माही मानसं भेटत जातीन." कळंब तिचं माहेर. मी म्हणायचो, "थांब थोडं." तिच्या कुठल्याही मागण्याला माझं हेच उत्तर असायचं. थांबलं की वाढतं, हे मी बाजारात बघितलं होतं ना.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी वरणात दोनदा मीठ पडलं, आम्ही दोघंही हसलो. मग एक दिवस ती बाजारातून घरी येताना रस्ता चुकली आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी धरून उभी राहिली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हे मागे फिरणारं दुखणं नाही, औषधानं फक्त हळू चालेल. माझं वय तिच्याहून सहा वर्षांनी जास्त. मी आधी गेलो तर हिला खाऊ कोण घालणार, हा एकच विचार परतीच्या एसटीत डोक्यात फिरत होता. घरी आल्याबरोबर मी त्या चारही गाद्या खाली काढल्या.

विकायचे तर आधी ते कागद डीमॅटमध्ये टाकावे लागणार होते. फॉर्म भरले, तिच्या सह्या घेतल्या, पाठवले. महिन्याभरानं पत्र आलं. सही जुन्या सहीशी जुळत नाही. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा सही करावी आणि त्यांचा शिक्का घ्यावा.

हात थरथरतो म्हणून जुळत नसेल असं मला वाटलं. मी दोनशे पानी वही आणली आणि रोज सकाळी चहा झाला की तिला सहीचा सराव करायला बसवू लागलो. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी तिनं सरळ, गोल, शाळेतल्या पोरीसारख्या अक्षरात एक नाव लिहिलं. हात जराही थरथरला नाही. ते तिचं लग्नाआधीचं नाव होतं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायचे. तिच्या नावाची माझी एक आत्या घरात होती, एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून आईनं नवं नाव ठरवलं. ताटात तांदूळ पसरून मी ते अंगठीनं लिहिलं. तिला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. पहिल्या वर्षी तिनं एकदा म्हटलं होतं, "दोघंच असलो म्हणजे तरी मले माह्या नावानं हाक मारत जा." मी म्हटलं होतं, "थांब थोडं, होईन सवय." नवी सहीसुद्धा मीच शिकवली, दुकानातल्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर. लय लवकर शिकली होती.

आता ते तांदळातलं नाव तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं आणि खालचं वर आलं होतं. मी तिच्यासमोर माझी शिकवलेली सही काढून दाखवली. ती माझा हात बघायची आणि पुन्हा तेच गोल अक्षर काढायची. एक पान झालं, दोन झाली. माझं डोकं फिरलं. मी वही ओढून घेतली आणि ओरडलो, "हे नाव नाही तुह्यं!"

ती दचकून भिंतीला सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "माह्यंच हाय. तुमी कोन माह्यं नाव पाडनारे?"

शेअरचा भाव अर्ध्यावर आला होता तेव्हाही मी त्या गाद्यांना हात लावला नव्हता. एका कंपनीसाठी मी पंचवीस वर्षं धीर धरला आणि ह्या बाईसाठी मला पंचवीस मिनिटं धीर निघाला नाही. मोरीत जाऊन मी नळ सोडला आणि रडलो. लाज वाटली म्हणून नळ सोडला, दुसरं काही नाही.

तरी मी तिला बँकेत नेलं. जमलं तर जमलं. तिला नवी साडी नेसवली, निऱ्या काही मला नीट जमल्या नाहीत. अधिकारी बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी पेन दिला, कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवलं. बायकोनं चष्मा सारखा केला आणि मन लावून लिहिलं. बाईंनी कागद फिरवून पाहिला.

"काका, काकू कोनाचं नाव लिहून राह्यल्या?"

"तिचंच," मी म्हणालो.

बाईंनी कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की आता कोर्टाकडून मला तिचा पालक नेमल्याचा कागद आणावा लागेल, वेळ लागेल, पण होईल. वेळ लागेल, हे मलाच सांगत होत्या बिचाऱ्या. मी कागद गोळा केले आणि तिचा हात धरून बाहेर आलो.

वकिलाकडे काम दिलं आहे. तारखा पडतात. कंपनी उत्तम चालली आहे, ते सील अजून गळलेलं नाही, अहवालाचं पाकीट वेळेवर येतं. त्यावर जिचं नाव असतं ती बाई ह्या घरात आता राहत नाही. जी राहते तिच्या नावावर मी आयुष्यात काही घेतलं नाही.

परवा दुपारी ती दारापुढच्या ओट्यावर बसली होती. जेवायला ये म्हणून मी दोनदा हाक मारली, मी दिलेल्या नावानं. तिनं वळूनही पाहिलं नाही. मग मी तिच्या नावानं हाक मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"ओ," ती लगेच म्हणाली. तिचं तोंड एकदम उजळलं. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मले कळंबले सोडून देता काय?"

"हो देतो ना," मी म्हणालो, आणि सवयीनं पुढचं तोंडातून निघून गेलं. "थांब थोडं."

ती बरं म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी आत पळालो. गॅस बंद केला, तिच्या गोळ्या घेतल्या, तिची शाल सापडेना ती शोधली, खुंटीवरची पिशवी काढली, घराला लावायचं कुलूप हातात घेतलं. दहा मिनिटं लागली असतील, जास्त नाही.

"चाल," मी म्हणालो. "कळंबले जाऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

"कळंबले कायले?" ती म्हणाली.