वटारच्या माईच्या मठात आईचं ताट

आई गेल्यापासून बाबा पानावर बसायचे, पण दोन घास चिवडून उठायचे. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी शेजारच्या काकूंनी वटार गावातला माईचा मठ सुचवला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण बाबा डोळ्यांदेखत वाळत चालले होते. रविवारी सकाळी त्यांना घेऊन ठाण्याहून निघाले.

जाणार असाल तर नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा करा आणि परतीचंही तिथेच ठरवून टाका, गावात रिकामी रिक्षा मिळणं कठीण. इमारती संपल्या की केळीच्या वाड्या लागतात. सुंदर रस्ता आहे हो! बाबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मठ म्हणजे कौलारू पडवी, माईची समाधी आणि सोनचाफा. माईचा नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच होडीतून समुद्रावर गेले, ते परतलेच नाहीत. त्यानंतर ती कित्येक वर्षं बोलली नाही. रोज तीन ताटं वाढायची आणि दारी येईल त्याला जेवू घालायची. पुढे लोक तिच्या पायाशी बसू लागले, तेव्हा तिने एवढंच सांगितलं: गेलेल्याचं ताट त्याच्या आवडीने वाढा, मग भुकेल्याला द्या. तीही आता नाही, पण दर रविवारी ताटं वाढली जातात. दानपेटी नाही. चर्चमधली मिस्सा आटोपून गावातल्या ख्रिस्ती बायकाही मदतीला येतात.

त्यांच्यातल्याच रोझीमावशींनी बाबांच्या हाती रिकामं ताट दिलं. समोर भात, आमटी, वालाची भाजी, भाकरी, लोणचं. बाबांनी भातवाढी उचलली आणि तिथेच थांबले.

"ती भात किती घ्यायची गं?"

वाल आवडायचे का तिला? तेही ठाऊक नाही. सगळ्यांचं झालं की आई ओट्यापाशी उभ्याने उरलंसुरलं खायची. तिचं वाढलेलं ताट आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

स्मशानात न रडलेले बाबा तिथे ढसाढसा रडले. रोझीमावशी हळूच म्हणाल्या, "सगळं थोडं थोडं वाढा. नाय आवडलं तर सांगेल ती."

बाबांनी ताट एका म्हाताऱ्या कोळणीपुढे ठेवलं आणि तिचं होईपर्यंत भात हवा का, आमटी हवी का, विचारत समोर बसून राहिले.

गुण आला का, असं काकू रोज विचारतात. बाबा अजूनही अर्धीच पोळी खातात. पण त्या संध्याकाळी घरी सगळ्यांना वाढून मी सवयीने ओट्याकडे वळले, तर बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"तुझं ताट आण इकडे," ते म्हणाले. "भात किती घेतेस तू?"