दोन फासळ्या आणि निळं खोकं

एप्रिलात बर्फ वितळलं, तशी सायमा हार्जू रबरी बूट चढवून दलदलीत शिरली आणि पाच महिन्यांपूर्वी हातचं गेलेलं हरीण तिला सापडलं. मांस कोल्ह्यांनी कधीच संपवलं होतं, पण छातीचा पिंजरा शाबूत होता. नोव्हेंबरात चार पुरुषांनी आणि तिनं ते शोधत दोन दिवस जिथवर बर्फ तुडवलं होतं, त्याच्याही पुढं तीनशे पावलांवर. सायमा चिखलात गुडघे टेकून एकेक फासळी चाचपत गेली. डाव्या अंगाच्या एका फासळीला भोक होतं, पेन्सिल जाईल एवढं. उजव्या अंगालाही भोक, तेवढंच. तिनं त्या दोन फासळ्या मोडून घेतल्या आणि जाकिटाच्या खिशात खोचल्या.

नेम चुकला नव्हता, एवढं तिला कळलं. मग चुकलं काय होतं, ते शोधल्याशिवाय ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

बाई त्रेसष्ट वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं दोनशे पोरांचं जेवण रांधलेली. नवरा उरहो खाणीत होता, दोन हिवाळ्यांमागं छातीच्या दुखण्यानं गेला. बाविसाव्या वर्षापासून ती त्याच्याबरोबर जंगलातल्या हार्जूंच्या झोपडीवर शिकारीला जात आलेली. दर साली पंधरा नोव्हेंबरला मोसम उघडतो, त्या आठवड्यात त्या झोपडीत पाच बिछाने, एक चूल, वाफेनं अंघोळ करायची एक सौना, आणि भिंतीवर ठोकलेल्या सदऱ्यांच्या शेपट्या. नेम चुकला किंवा जनावर हातचं गेलं, की त्या माणसाच्या सदऱ्याचं मागचं टोक कात्रीनं कापायचं, वर नाव आणि साल घालून भिंतीला ठोकायचं. उरहोच्या तीन शेपट्या होत्या. दीर आर्वोच्या सात.

गेल्या साली सायमानं हरीण घालवलं, तरी तिची शेपटी कुणी कापली नाही. कात्री कुणी काढलीच नाही. आर्वोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे वहिनी, अवंदाचं साल तुला वाईटच गेलंय." हरणापेक्षा तो हात तिला जास्त झोंबला होता.

मे महिन्यात ती क्लेम पेल्टियेच्या दुकानात गेली. मासेमारीचे गळ, बंदुका, काडतुसं, लोकरी मोजे, सगळं एकाच खोलीत. तिनं दोन्ही फासळ्या गल्ल्यावर ठेवल्या.

"हे काय, जेवनाचा डबा आनलास व्हय?" क्लेम म्हणाला.

"बघ आन् सांग."

क्लेमनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. फासळ्या उजेडाला धरल्या. "गोळी आत जाऊन पसरलीच न्हाई, फुललीच न्हाई. सुई घुसावी तशी आरपार गेली. काडतूस कंचं?"

"उरहोचं. एकशेऐंशी ग्रेनचं, जड."

"पश्चिमेला एल्क मारायला गेला हुता, तवा नेलं हुतं त्ये?"

"व्हय. अकरा खोकी उरलीत."

क्लेमनं फासळ्या खाली ठेवल्या. "बाये, एल्क म्हंजे घोड्याएवढं जनावर. त्याच्या हाडात घुसायला कडक गोळी बनवत्यात. आपलं हरीन कागदासारखं. त्या गोळीला फुलायला काय लागतंच न्हाई मधी."

"मग उरहोची हरनं जागच्या जागी कशी पडायची?"

"तो मारायचा कुठं?"

सायमाला ते पाठ होतं. उरहो खांद्याचं हाड फोडायचा. गोळी हाडावर आपटायची, फुटायची, आणि जनावर कोसळायचं. पुढच्या पायाचं निम्मं मांस रक्तानं काळं पडून कुत्र्याला जायचं, आणि दर साली त्यावरून ती त्याला बोलायची. स्वतः मात्र खांद्याच्या मागं, नुसत्या फासळ्यांवर मारायची. आधी तिची काडतुसं वेगळी असायची. उरहो गेल्यावर, घरात एवढी पडलीत म्हणून तिनं त्याचीच भरली. नवऱ्यानं आणलेलं, ते वाईट कसं असेल?

"मला मऊ नाकाची, झट फुलनारी गोळी दे," ती म्हणाली. "हलकी. खांद्याचं आपरेशन झाल्यापासून त्या जड काडतुसाचा दनका मला सोसत न्हाई. चाप वढायच्या आधीच डोळं मिटत्यात माजं."

"हे दुसऱ्या कुनाला सांगू नगंस."

"तुला बी सांगनार नव्हते."

क्लेमनं तीन तऱ्हेची खोकी मांडली. एक एकशेपासष्टचं, दोन एकशेपन्नासची. त्यातलं निळं खोकं सगळ्यात साधं. "यातलं कंचं चांगलं?" तिनं विचारलं.

"त्ये मी न्हाई सांगत, तुजी बंदूक सांगंल. येकाच कारखान्याच्या दोन बंदुका, पर येकीला गोड लागतं त्ये दुसरीला कडू." तिनं तिन्ही खोकी घेतली.

सप्टेंबरपासून दर रविवारी चर्चमधून आली, की सायमा गावामागच्या खडीच्या खाणीत जायची. शंभर पावलांवर कागद, बंदुकीखाली तांदळाची पिशवी. एक गोळी मारायची, मग नळी थंड होईस्तोवर लोकरीचा मोजा विणत बसायची. सहा ओळी विणून झाल्या की दुसरी गोळी. एकशेपासष्टच्या गोळ्या ताटभर पसरल्या. एकशेपन्नासातली महागडी जरा बरी, बशीएवढी. निळ्या खोक्यातल्या तिन्ही गोळ्या कपाच्या तोंडात मावतील अशा बसल्या, पण कागदावर वीतभर वर. काडतूस बदललं की नेम हलतो. तिनं बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवले, पुन्हा मारल्या, पुन्हा विणलं. ऑक्टोबर संपेपर्यंत चार जोड मोजे झाले आणि गोळ्या बरोबर मध्यावर आल्या. डोळेही उघडे राहायला शिकले.

मोसमाच्या आदल्या दिवशी आर्वो झोपडीवर सामान उतरवत होता. पासष्टीचा, पोटानं गोल, मनानं वाईट नाही. त्यानं निळं खोकं पाहिलं.

"ह्ये काय? उरहोची काडतुसं कुठं हायत?"

"घरी. एल्क दिसला की वापरीन."

"वहिनी, हलक्या गोळीनं काय हुतंय? आन् मी म्हनतो, तू अवंदा चूल सांभाळ की. टॅमरॅकच्या झाडावरच्या तुज्या मचाणावर माज्या जावयाला बसू दे. आनखी येक जनावर दलदलीत सडवायला नगं."

बाकीचे तिघे लाकडं रचायच्या कामात एकदम गुंतले.

सायमानं खोकं खिशात टाकलं. "त्या मचाणावर उद्या मी बसनार. अवंदा जनावर घालवलं तर बंदूक बी तुमच्या जावयाची. हितंच खुटीला अडकवीन आन् पुन्यांदा हात लावनार न्हाई. झालं?"

"झालं," आर्वो म्हणाला, पण तिच्याकडं न बघता.

सकाळी ती मचाणावर बसली. दहाच्या सुमाराला एक मोठा शिंगाळा आला, पण तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. फासळ्या दिसेनात, म्हणून तिनं बंदूक उचललीच नाही. तो निघून गेला, तशी ती पाय बुटांत हलवत बसून राहिली. दुपारी दोनला दुसरा आला, त्याच्याहून लहान, सहा टोकांच्या शिंगांचा. पन्नास पावलांवर आडवा उभा राहिला. तिनं खांद्याच्या मागं बोटभर जागा धरली आणि डोळे उघडे ठेवून चाप दाबला.

हरीण उडालं, शेपटी खाली घालून सरळ दलदलीकडं पळालं. गेल्या साली पळालं होतं, अगदी तसंच.

 तिनं घड्याळ पाहिलं आणि थर्मासमधून कॉफी ओतली. लगेच मागं धावलं, तर जखमी जनावर उठून मैलभर जातं. बार ऐकून आर्वो धापा टाकत आला.

"आलं का? कुठं हाय?"

"दलदलीत."

"आरं देवा! परत?"

"बसा भावजी. अर्धा तास व्हायचाय."

"आन् बर्फ पडून माग बुजला तर?"

"बसा म्हनते ना."

तो बसला. दोघं एका कपातून कॉफी प्याले. अर्धा तास झाला, तशी ती उठली. हरीण उभं होतं तिथं केसांचा पुंजका, आणि पुढं बर्फावर रंगाचा डबा लवंडावा तसं रक्त. वाकून शोधायला लागलं नाही. चाळीसाव्या पावलाला आर्वोच पुढं जाऊन थांबला. हरीण पडलेल्या ओंडक्याला टेकून निजलं होतं, कधीच थंड पडायला लागलेलं.

आर्वोनं त्याला उलटं केलं. आत जायचं भोक लहान. बाहेर पडायच्या भोकात त्याची तीन बोटं गेली. खांद्याचं मांस दोन्हीकडं स्वच्छ.

"कंच्या खोक्यातली म्हनालीस?" त्यानं विचारलं.

"निळ्या."

संध्याकाळी हरीण आडव्या ओंडक्याला टांगून झालं. झोपडीत चौघं बूट काढून बसले होते. सायमानं खिळ्याला अडकवलेली कात्री काढली आणि आर्वोच्या हातात दिली. मग पाठमोरी उभी राहून चौकड्याच्या सदऱ्याचं टोक पाटलोणीतून ओढून बाहेर काढलं.

"आगं, ह्ये काय? तुजं हरीन तर बाहीर टांगलंय!"

"ह्यो सदरा गेल्या सालचा हाय. तवा कापायची ऱ्हायली. कापा."

आर्वोनं बाकीच्यांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. मग त्यानं कापली, जरा वाकडी. सायमानं शेपटीवर गेलं साल आणि आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, उरहोच्या तिसऱ्या शेपटीशेजारी ती धरली, आणि आर्वोनं खिळा ठोकला.

तिच्या कमरेला मागून गार वारा लागत होता. तिनं कलेजीचं पातेलं उचलून आर्वोपुढं ठेवलं आणि शेजारी चार कांदे.

"चिरा भावजी. अवंदा चूल तुमच्याकडं."