जवळचं टोक

गेल्या मार्गशीर्षात तुम्हा नातवंडांतली थोरली चार दिवसांसाठी माझ्याकडे जव्हारला आली. तिसऱ्या दिवशीच तिने बॅग भरून दाराशी ठेवली. ही पुन्हा येईल का, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

त्या दुपारी तिने धूमकेतूंचा विषय काढला, म्हणून मी अंगणात दोन खुंट्या ठोकल्या, सुतळीचा सैल फास अडकवला आणि काटकीने लंबवर्तुळ काढून दाखवलं. "या दोन नाभी. एकीत सूर्य, दुसरी रिकामी." मी इंग्रजीतून शिकलेली, फोकसला नाभी म्हणतात हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं.

आमच्याकडे नाचणी पाखडायला येणाऱ्या जामसरच्या मावशी सूप थांबवून म्हणाल्या, "बाई, एका पोटाला दोन बेंब्या?"

"त्यातली एक उपाशी," थोरली म्हणाली. दोघी बराच वेळ हसल्या.

मग मी सूर्याजवळचं टोक दाखवलं. धूमकेतू तिथे सर्वांत जवळ असतो आणि सर्वांत वेगातही तिथेच. परत येणाऱ्याची वाट बंद असते, म्हणजे फिरून स्वतःलाच मिळणारी, कायमचा जाणाऱ्याची उघडी; पण या टोकापाशी दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच वळतात.

"मग कोण परत येणार, हे कसं कळतं?"

"वेगावरून. तेवढ्याच अंतरावरून फार वेगात गेला, तर येत नाही."

तिने बॅगेकडे पाहिलं. विचारायचं नव्हतं ते मी विचारून बसले होते.

मावशी म्हणाल्या, "मग पोरी, पहाटेची मोटार कशाला? जीपनं जा. भरल्याबिगर हलत नाही ती."

तिने खरंच ठरवलेली मोटार रद्द केली. सकाळी जीपमध्ये मी तिच्या शेजारी बसले. एकेक माणूस येत होतं, आम्ही सरकत होतो.

"आजी, करवंदं कधी पिकतात इथे?"

"वैशाखात."

तिने फोनमध्ये काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

ड्रायव्हरने आत डोकावून मोजलं. "आजी, तुम्हाला धरून झाले नऊ. निघू या."

"मला धरू नका," मी म्हणाले. "मी पोहोचवायला आलेय."

आणखी एक माणूस मिळेपर्यंत अर्धा तास गेला. तेवढा वेळ मी उतरले नाही.